नावे न घेतलेले शूर
(गीता, अध्याय १, श्लोक ९ च्या निमित्ताने)

श्रीमद्भगवद्गीतेचा पहिला अध्याय पुष्कळ साधक घाईने आटोपतात. तत्त्वज्ञानाला आरंभ दुसऱ्या अध्यायात होतो, पहिल्यात केवळ योद्ध्यांची आणि शंखांची नावे आहेत, अशी त्यांची समजूत असते. परंतु त्या नावांतच एक मर्म आहे. दुर्योधन द्रोणाचार्यांजवळ जातो आणि दोन्ही सैन्यांतील वीर मोजून दाखवितो. शत्रुपक्षातील महारथींची नावे तो तीन श्लोकांत घेतो. भीम आणि अर्जुन यांची त्याला धास्ती आहे, सुभद्रेच्या कोवळ्या पुत्राचाही त्याला विसर पडत नाही. मग तो स्वपक्षाकडे वळतो. आठव्या श्लोकात आचार्यांसह सात जणांची नावे येतात, आणि नवव्या श्लोकात बाकीच्या सर्वांचा उल्लेख तो एका शब्दात उरकतो. हे आणखी पुष्कळ शूर माझ्यासाठी प्राणांवर उदार होऊन उभे आहेत, असे तो म्हणतो. अकरा अक्षौहिणी सैन्य, आणि नावे सात!

येथे दोन गोष्टी ध्यानात घेण्यासारख्या आहेत. युद्ध अद्याप सुरू व्हायचे आहे, एकही बाण सुटलेला नाही. तरी या माणसांचे प्राण दुर्योधनाने मनाने आधीच खर्ची घातले आहेत. दुसरी गोष्ट त्याहून सूक्ष्म आहे. ते प्राण ‘माझ्यासाठी’ आहेत असे तो समजतो. ज्यांची नावेही घेण्याची गरज त्याला वाटत नाही, त्यांच्या मरणावर मात्र तो आपला हक्क सांगतो. हा दुर्योधन केवळ हस्तिनापुरात नव्हता. सीमेवर जवान पडल्याची वार्ता ऐकून क्षणभर हळहळणारा आणि दुसऱ्या क्षणी पुढचे पान उलटणारा सुखवस्तू गृहस्थ नकळत त्याच श्लोकाचे पारायण करीत असतो.

ज्या आचार्यांपुढे हे भाषण झाले त्यांच्या नावाने ओळखले जाणारे गाव आज दिल्लीच्या नैर्ऋत्येस एक अफाट शहर होऊन बसले आहे. कौरव-पांडवांनी गुरुदक्षिणा म्हणून द्रोणाचार्यांना दिलेले ते गुरुग्राम, अशी तेथील परंपरा आहे. तेथील शीतलामातेच्या देवळाचा संबंधही लोक आचार्यांची पत्नी कृपी हिच्याशी जोडतात. गुडगाव हे बोलीतले नाव जाऊन २०१६ साली गुरुग्राम हे नाव सरकारी दप्तरी आले. देशाच्या सर्व प्रांतांतून नोकरीनिमित्त आलेली लाखो कुटुंबे तेथे राहतात. त्यांत मराठी कुटुंबेही पुष्कळ आहेत.

या शहराच्या पालम विहार भागात रेझांग ला चौक नावाचा एक चौक आहे. रोज सहस्रावधी माणसे तो ओलांडतात. रिक्षावाल्यास पत्ता सांगताना, सामान मागविताना, घर भाड्याने घेताना हे नाव तोंडी येते. ते लडाखमधील एका खिंडीचे नाव आहे, आणि त्या खिंडीत काय घडले, हे त्यांतील किती जणांस ठाऊक असेल? नाव विसरले जाण्याची एक रीत अशीही आहे की ते अष्टौप्रहर उच्चारले जाते आणि त्याचा अर्थ मात्र निघून जातो.

१८ नोव्हेंबर १९६२ रोजी पहाटे चुशूलच्या धावपट्टीचे रक्षण करणाऱ्या या खिंडीवर चिनी सैन्याचा हल्ला आला. उंची सोळा हजार फुटांच्या वर. खिंड राखण्यास १३ कुमाऊं पलटणीची चार्ली कंपनी होती. मेजर शैतानसिंह तिचे नायक आणि जवान सुमारे एकशे वीस. मध्ये डोंगर आड येत असल्यामुळे भारतीय तोफांचा मारा तेथे पोहोचू शकत नव्हता. गोठविणाऱ्या थंडीत सपाट मुलखातली ही माणसे लढत राहिली, आणि त्यांच्यापैकी शंभराहून अधिक त्याच जागी पडली. बहुतेक जवान अहीर समाजाचे, गुडगाव, रेवाडी, महेंद्रगड या टापूतील शेतकऱ्यांचे पुत्र होते. त्या काळी हा मुलूख पंजाब राज्यात मोडत असे आणि रेवाडी ही गुडगाव जिल्ह्याचीच तहसील होती. तेव्हा चौकाचे नाव दूरच्या हिमालयातून आणलेले असले तरी ती माणसे याच मातीतली आहेत.

पुढची हकीकत अधिक विचार करावयास लावणारी आहे. जे थोडे जवान जिवंत परतले त्यांनी लढाईचे वर्णन केले, तेव्हा त्यावर प्रथम फारसा विश्वास बसला नाही. एवढी माणसे एकाच ठिकाणी अखेरपर्यंत लढून पडली, हे ऐकणाऱ्यांस असंभाव्य वाटले. हिवाळा सरत आला, आणि १९६३ च्या फेब्रुवारीत एका मेंढपाळाच्या दृष्टीस ती रणभूमी पडली. शोधपथक गेले तेव्हा बर्फात गोठलेले देह आपापल्या मोर्च्यांत, कित्येकांच्या हाती शस्त्रे तशीच असलेले, सापडले. मेजर शैतानसिंहांचा देह जोधपूरला नेण्यात आला. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. बाकीच्यांवर तेथेच सैनिकी इतमामाने अग्निसंस्कार झाले. तीन महिने त्या माणसांची बाजू मांडणारे कोणी नव्हते. अखेर त्यांच्या निष्प्राण देहांनीच ती मांडली. रेवाडीत त्यांचे स्मारक आहे, चुशूल येथेही आहे. चुशूलच्या स्मारकाचा जीर्णोद्धार होऊन १८ नोव्हेंबर २०२१ रोजी संरक्षणमंत्री राजनाथसिंह यांच्या हस्ते ते देशास अर्पण झाले. १९६२ च्या युद्धात १३ कुमाऊंमधून लढलेले वृद्ध ब्रिगेडियर आर. व्ही. जठार त्या दिवशी चाकांच्या खुर्चीतून आले होते, आणि ती खुर्ची स्वतः संरक्षणमंत्र्यांनी ढकलीत नेली.

आता गीतेच्या अभ्यासकापुढे एक शंका उभी राहते, आणि तिला बगल देऊन चालणार नाही. गुरुग्रामातील एका मराठी घरात ती एका मुलाने आपल्या आजोबांस विचारली. आजोबा सातारा जिल्ह्यातील निवृत्त शिक्षक. मुलाकडे हिवाळ्यापुरते आलेले. नातवाकडून ते रोज गीतेचे दहा श्लोक म्हणवून घेत. दुसऱ्या अध्यायाचा विसावा श्लोक झाला त्या दिवशी नातू थांबला व म्हणाला, “आजोबा, आत्मा जन्मत नाही आणि मरतही नाही, असे तुम्ही सांगता. शहाणे लोक गेलेल्यांसाठी शोक करीत नाहीत, हेही कालच झाले. मग परवा शाळेने आम्हांस दिल्लीला नेऊन जी नावे दाखविली, ती कोणाची? जो मेलाच नाही त्याचे स्मारक कशाला?”

आजोबा लगेच बोलले नाहीत. मग म्हणाले, “त्यांना स्मारकाची गरज नाही, बाळ. तू म्हणतोस ते खरे आहे. आता एवढे सांग, दुसऱ्या अध्यायात बुद्धीचा नाश कशामुळे होतो असे भगवान सांगतात?”

मुलास ते पाठ नव्हते, कारण बासष्टावा व त्रेसष्टावा श्लोक अद्याप यावयाचे होते. पाठकांस ते ठाऊक आहेत. विषयांच्या चिंतनापासून आसक्ती, आसक्तीपासून काम, कामापासून क्रोध, क्रोधापासून मोह, मोहापासून स्मृतीचा भ्रंश आणि त्यापासून बुद्धिनाश, अशी ती उतरंड आहे. तेथील स्मृती म्हणजे शास्त्राच्या व आचार्यांच्या उपदेशाने मनावर झालेला संस्कार, असा अर्थ भाष्यकार करतात, आणि तोच मुख्य होय. तथापि आपण कोणाच्या जिवावर सुखात आहोत याचा विसर पडणे हाही त्याच भ्रंशाचा एक प्रकार मानावयास हरकत नसावी. गीतेच्या अखेरीस अर्जुन काय मिळाले म्हणून सांगतो? राज्य नव्हे, विजयही नव्हे. मोह गेला आणि स्मृती परत आली, असे तो सांगतो. स्मारक हे शब्दशः स्मृतीचे साधन आहे. त्याचा उपयोग गेलेल्यास नाही, राहिलेल्यास आहे. म्हणून अमर आत्म्याचा सिद्धान्त आणि दगडावर कोरलेले नाव यांत विरोध नाही. शोक करू नये ही आज्ञा आहे. विसरावे अशी आज्ञा गीतेत कोठेही नाही.

महाभारतच या बाबतीत साक्ष देते. युद्ध संपल्यावर स्त्रीपर्वात धृतराष्ट्र युधिष्ठिरास मृतांची संख्या विचारतो. धर्मराज संख्या सांगतो. पण प्रश्न तेथे संपत नाही. ज्यांना कोणी आप्त नाही, ज्यांचे अग्निसंस्कार करणारे कोणी उरले नाही, त्यांचे काय, असा पुढचा प्रश्न येतो. तेव्हा धर्मराज विदुर, संजय, धौम्य, युयुत्सु आदींस आज्ञा देतो की एकाचाही देह अनाथासारखा राहू नये, सर्वांचे संस्कार विधिपूर्वक करावे. यांत कौरवपक्षाचेही आले. दुर्योधनाने ज्यांची नावे घेतली नव्हती त्यांना अखेरचा अग्नी धर्मराजाने दिला. मग सर्वजण गंगेवर जलांजली देण्यास जातात, आणि तेथे कुंती पुढे होऊन सांगते की एक ओंजळ अजून राहिली आहे. कर्ण तुमचा थोरला भाऊ होता. एवढ्या मोठ्या यादीत एक नाव चुकीच्या रकान्यात पडले होते. ते योग्य जागी येईपर्यंत ती जलांजली पुरी होणार नव्हती. धर्मराजास त्या वेळी झालेले दुःख जयाच्या सर्व आनंदाहून मोठे ठरले.

मुलाने पाहिलेले ते दिल्लीचे राष्ट्रीय युद्धस्मारक होय. इंडिया गेटला लागून सुमारे चाळीस एकर भूमीवर ते बांधलेले असून २५ फेब्रुवारी २०१९ रोजी त्याचे लोकार्पण झाले. इंडिया गेट १९३१ चे. पहिल्या महायुद्धात व त्या सुमाराच्या मोहिमांत इंग्रजी साम्राज्यासाठी पडलेल्यांची नावे त्यावर आहेत. १९७१ च्या युद्धानंतर त्या कमानीखाली २६ जानेवारी १९७२ रोजी अमर जवान ज्योत प्रज्वलित झाली, परंतु स्वतंत्र भारताच्या जवानांची नावे एके ठिकाणी कोरलेली अशी जागा राजधानीत नव्हती. स्वातंत्र्यानंतर सत्तर वर्षांहून अधिक काळ हे काम राहून गेले. दिरंगाईची कारणे पुष्कळ सांगितली जातात, पण गृहस्थाश्रमी माणसास त्यातील लाज समजू शकते; घरातील श्राद्धही असेच ‘पुढच्या वर्षी’ करीत राहून जाते. २१ जानेवारी २०२२ रोजी कमानीखालची ती ज्योत नव्या स्मारकाच्या ज्योतीत मिळविण्यात आली.

स्मारकाची रचना चक्रव्यूहाच्या कल्पनेवर केलेली आहे. एकात एक अशी चार वर्तुळे. सर्वांत बाहेरचे रक्षक चक्र वृक्षांच्या रांगांचे आहे. त्याच्या आत त्याग चक्र, तेथे ग्रॅनाइटच्या भिंतींवर नावे कोरलेली आहेत. लोकार्पणाच्या वेळी त्यांची संख्या २५,९४२ होती. त्याच्या आत वीरता चक्र, त्यात सहा लढायांची धातूतील भित्तिशिल्पे. मध्यभागी अमर चक्र, साडेपंधरा मीटर उंच स्तंभ आणि ज्योत. गीतेच्या वाचकास या रचनेत एक विलक्षण योग दिसल्यावाचून राहत नाही. कुरुक्षेत्रावर तेराव्या दिवशी चक्रव्यूह रचला तो द्रोणाचार्यांनी, आणि त्यात पडला तो अभिमन्यू, ज्याचे नाव दुर्योधनाने त्याच आचार्यांसमोर पहिल्याच अध्यायात घेतले होते. आत जाणे त्याला ठाऊक होते, बाहेर येणे नव्हते. या स्मारकात येणारा प्रत्येक जण सुखरूप बाहेर पडतो. ज्यांची नावे तेथे आहेत ते बाहेर पडले नाहीत. भिंतीपुढे उभे राहिले म्हणजे हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

त्या भिंतींवर हुद्द्याचा मोठेपणा नाही. शिपायाच्या नावास जेवढी जागा तेवढीच अधिकाऱ्याच्या नावास. धर्म, जात, प्रांत यांचीही वेगळी ओळ नाही. १९६५ च्या युद्धात पडलेले अब्दुल हमीद आणि पूना हॉर्सचे आर्देशीर तारापोर, १९७१ चे अल्बर्ट एक्का आणि निर्मलजीतसिंह सेखों हे सारे त्याच त्यागाचे धनी आहेत. सर्व भूतांच्या ठायी मी सम आहे, या भगवंतांच्या नवव्या अध्यायातील वचनाची छाया त्या दगडांवर पडलेली दिसते. स्मारकाला लागूनच परमवीर चक्र मिळविलेल्या २१ वीरांचे अर्धपुतळे आहेत. त्यांत कारवारजवळच्या चेंडिया गावचे रामा राघोबा राणे आहेत. ते १९४८ च्या लढाईतून जिवंत परतले आणि १९९४ पर्यंत जगले. पहिले परमवीर मेजर सोमनाथ शर्माही त्यांत आहेत. तेही कुमाऊं पलटणीचेच. हात प्लास्टरमध्ये असताना ते बडगामच्या लढाईस गेले आणि ३ नोव्हेंबर १९४७ रोजी पडले. त्यांच्या चरित्रांत अशी नोंद आहे की देह काही दिवसांनी सापडला तेव्हा ओळख पटली ती पिस्तुलाच्या म्यानावरून आणि खिशातील गीतेच्या पानांवरून. गीतेचे मासिक घरी येणाऱ्या वाचकाने ही नोंद वाचून थोडे थांबावे. आपल्याकडील गीता देव्हाऱ्यात असते. त्यांची कोठे होती!

मराठी भाषेने अशा मृत्यूस फार अर्थपूर्ण शब्द दिला आहे, हुतात्मा. ज्याने स्वतःचे हवन केले तो. येथे आत्मा म्हणजे देहप्राणांसह आपण ज्यास ‘मी’ म्हणतो तो; अविनाशी आत्म्याची आहुती पडूच शकत नाही. हा शब्द सरळ तिसऱ्या व चौथ्या अध्यायातील यज्ञाकडे नेतो. यज्ञ झाल्यावर जे उरते ते यज्ञशेष होय, आणि सज्जन तेच सेवन करतात, असे भगवान सांगतात. हे सूत्र आपल्या घराला लावून पाहावे. सायंकाळी दार लावून कुटुंब निर्भयपणे जेवावयास बसते. मुले अभ्यास करतात, दिवा जळतो, कोणी भजन म्हणतो. ती निर्भयता कोणाच्या यज्ञात उरलेला भाग आहे? रेझांग लाच्या मोर्च्यात जे हवन झाले त्याचा शेष आपल्या ताटात आहे. आणि तिसऱ्या अध्यायाचा बारावा श्लोक तर याहून कठोर आहे. देवांनी दिलेले भोग त्यांना काहीही परत न देता जो भोगतो त्याला भगवान चोर म्हणतात. गीतेत गृहस्थास लागलेला हा सर्वांत जड शब्द असावा.

म्हणून स्मारकासाठी अथवा हुतात्म्याच्या कुटुंबासाठी दिलेल्या पैशास दान म्हणावे का, असा प्रश्न येतो. सतराव्या अध्यायात सात्त्विक दानाचे लक्षण सांगितले आहे. देणे हे कर्तव्यच आहे अशा बुद्धीने, परतफेडीची आशा न धरता, योग्य देश, काळ व पात्र पाहून दिलेले ते सात्त्विक. परतफेडीसाठी किंवा फळावर दृष्टी ठेवून दिलेले राजस. आता येथे अडचण अशी की हुतात्म्याने तर आपले देणे आधीच देऊन टाकले आहे. आपण देतो ते प्रथम देणे नव्हेच. ती परतफेड आहे, आणि तीही अत्यल्प. विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात जी गीता-प्रवचने केली आणि साने गुरुजींनी लिहून घेतली, त्यांत सतराव्या अध्यायाचे विवेचन करताना समाजाचे ऋण फेडणे हाच दानाचा अर्थ त्यांनी लावला आहे. तो अर्थ घेतला की अडचण सुटते. मग देणाऱ्याच्या मनात उपकाराचा अहंकार शिरण्यास वाट राहत नाही, आणि पावतीवर आपले नाव ठळक यावे ही इच्छाही आपोआप ओशाळते. ज्या ठिकाणी पंचवीस हजारांवर नावे प्राण देऊन कोरली गेली, तेथे शंभर रुपये देऊन आपले नाव कोरले जावे असे कोणास वाटावे?

ऋण फेडण्याचे मार्ग दूर नाहीत. राष्ट्रीय स्मारक पाहण्यास प्रवेशशुल्क नाही. गुरुग्रामचा रहिवासी मिलेनियम सिटी सेंटर स्थानकावरून मेट्रोच्या पिवळ्या मार्गाने केंद्रीय सचिवालयापर्यंत जाऊ शकतो. पुढे कर्तव्यपथाने पूर्वेस गेले की स्मारक येते. पण केवळ जाऊन येणे म्हणजे दर्शन नव्हे. भिंतीकडे पाठ करून स्वतःचे छायाचित्र काढणारे तेथे पुष्कळ दिसतात. त्यांच्यावर रागावण्यात अर्थ नाही, त्यांना कोणी काही सांगितलेले नसते. जाण्यापूर्वी घरातील मुलांस एका लढाईची, एका माणसाची हकीकत सांगावी आणि तेथे ते नाव शोधून वाचावयास लावावे, एवढे मोठ्यांच्या हाती आहे.

द्रव्याच्या बाबतीत १९४९ पासून दरवर्षी ७ डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिन पाळला जातो. त्याचा निधी हुतात्म्यांची कुटुंबे, जायबंदी जवान आणि माजी सैनिक यांच्या कल्याणासाठी असतो. जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयात तो स्वीकारतात. युद्धात पडलेल्या व जायबंदी झालेल्या जवानांसाठी वेगळा निधीही आहे, आणि नागरिकांस त्यात सहजपणे देता यावे म्हणून २०२२ च्या ऑक्टोबरात ‘माँ भारती के सपूत’ या नावाने व्यवस्था सुरू झाली. स्मारकेही लोकांच्या वर्गणीतून उभी राहू शकतात, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. पुण्यास घोरपडीजवळ दक्षिण कमांडचे राष्ट्रीय युद्धस्मारक आहे. ते नागरिकांच्या पैशातून झाले आणि १५ ऑगस्ट १९९८ रोजी त्याचे लोकार्पण झाले. राजधानीतील स्मारकाच्या वीस वर्षे आधी!

तथापि द्रव्याने सर्व भागत नाही. हुतात्म्याच्या पत्नीपुढील अडचणी पुष्कळदा पैशाहून वेगळ्या असतात. कागदपत्रे कोणी करावयाची, मुलांस बापाविषयी कोणी सांगावयाचे, सासर आणि माहेर यांत तिने कोठे राहावयाचे. एक गोष्ट उदाहरणादाखल सांगण्याजोगी आहे. शौर्यपदकाबरोबर मिळणारा भत्ता विधवेने पुनर्विवाह केल्यास बंद होत असे. मृत पतीच्या भावाशी विवाह केला तरच तो चालू राही. म्हणजे तिने दिराशीच लग्न करावे, अशी सरकारी नियमाची अप्रत्यक्ष सक्ती होती. ही अट २०१७ च्या नोव्हेंबरात काढण्यात आली. शौर्यपदक मिळालेल्या जवानांच्या कित्येक विधवा या नियमाखाली जगल्या. त्यांच्या शेजारी राहणाऱ्या किती सज्जनांस तो नियम माहीत तरी होता? गीतेत पात्र पाहून द्यावे असे म्हटले आहे. पात्र पाहणे म्हणजे त्या घरी जाऊन उंबऱ्यापाशी बसणे आणि काय हवे ते विचारणे, असाही त्याचा अर्थ होतो.

आणखी एक सावधानता हवी. रेझांग लाची हकीकत ऐकताना रक्त तापते, आणि परक्या राष्ट्रातील माणसाविषयी द्वेष निर्माण होणे सोपे असते. तिसऱ्या अध्यायात भगवान अर्जुनास लढावयास सांगतात ते आशा, ममता आणि ज्वर टाकून. मोर्च्यातील जवानास जो ज्वर टाकावयास सांगितला तो घरी बसलेल्या गृहस्थाने अंगी बाणवू नये. पांडवांनी कौरवांसही पाणी दिले होते, हे विसरू नये.

इकडे त्या आजोबांनी नातवास पुन्हा दिल्लीस नेले, या वेळी दोघेच. सायंकाळ होती. तेथे दररोज सायंकाळी एका हुतात्म्याच्या कुटुंबीयांच्या हस्ते पुष्पचक्र वाहण्याचा विधी होतो. त्या दिवशी खेड्यातून आलेली एक वृद्ध स्त्री होती. डोक्यावरचा पदर सावरीत ती हळूहळू पुढे गेली. गर्दी आपण होऊन शांत झाली. परतताना नातू बराच वेळ गप्प होता. मग त्याने विचारले, “आजोबा, आपल्या गावाकडे असे कोणी आहेत का?” आजोबांनी त्याला आपशिंगे गावाविषयी सांगितले. सातारा जिल्ह्यातले ते गाव, पिढ्यान्‌पिढ्या घरोघरीचे पुरुष सैन्यात जात आल्यामुळे ‘आपशिंगे मिलिटरी’ असेच त्याचे नाव पडले आहे आणि पहिल्या महायुद्धात पडलेल्या गावकऱ्यांचे स्मारक तेथे आहे. “आम्ही त्या बाजूने एसटीने कितीदा तरी गेलो. एकदाही उतरलो नाही,” असे आजोबा म्हणाले.

पुढे माघ शुद्ध अष्टमी आली. ही भीष्माष्टमी. पितामहांस अपत्य नव्हते, म्हणून या दिवशी सर्वांनी त्यांस जल द्यावे, असे धर्मशास्त्र सांगते. आजोबा दरवर्षी ते करीत. त्या सकाळी पालम विहारच्या घराच्या गच्चीवर ताम्हन, पळी, पंचपात्र आणि तीळ घेऊन ते बसले. भीष्मांचे तर्पण झाले. नेहमीप्रमाणे ज्यांना कोणी आप्त नाही त्यांच्यासाठी शेवटची ओंजळ भरली, आणि ती सोडण्यापूर्वी ते थांबले. नातू शेजारीच उभा होता. वहीच्या एका पानावर त्याने चार्ली कंपनीतील काही नावे उतरवून आणली होती. आजोबांनी खूण केली, आणि मुलगा एकेक नाव वाचू लागला.